लाइन (शब्द)

‘लाइन’ हा इंग्रजीतून आलेला शब्द मराठीत स्त्रीलिंगी चालतो: ती लाइन, अनेक लायनी, लायनीत, लायनीला. रेघ, रांग, लोहमार्ग, विजेची तार, टेलिफोनची जोडणी, पाण्याचा नळमार्ग, धंद्याचे क्षेत्र असे त्याचे अर्थ मराठीत रुळले आहेत. इंग्रजीत अर्थांची संख्या याहून पुष्कळ मोठी आहे.

शब्दाचे मूळ जवसात आहे. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनुम’ म्हणत. त्याच्या देठापासून काढलेल्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’. म्हणजे आधी दोरी, मग ताणलेल्या दोरीने आखलेली सरळ रेघ. पुढचे बहुतेक अर्थ या दोनांतूनच फुटले. लिनन हे कापड आणि लिनोलियम हे जवसाच्या तेलापासून बनणारे आच्छादन याच घराण्यातले.

हा मूळ अर्थ आजही जसाच्या तसा सापडतो तो बांधकामावर. गवंड्याची लाइनदोरी म्हणजे ताणलेला नायलॉनचा दोरा. पाया खणण्याआधी नकाशा जमिनीवर उतरवण्याला ‘लाइनआउट देणे’ म्हणतात. आधी घराची एक बाजू पक्की करून दोन खुंट्यांत दोरी ताणतात. कोपऱ्यापासून त्या दोरीवर 3 फूट आणि दुसऱ्या बाजूच्या दोरीवर 4 फूट मोजून खुणा करतात. खुणांमधले अंतर बरोबर 5 फूट भरले की कोपरा काटकोनात आला. मोठ्या कामाला 9, 12 आणि 15 फुटांचे माप घ्यावे, कारण लहान मापातली सुतभर चूक लांब भिंतीच्या टोकाला इंचांत जाते. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. 30 बाय 40 फुटांच्या आयताचे दोन्ही कर्ण 50 फूट आले पाहिजेत. मगच दोरीखाली चुन्याची फक्की टाकतात. खोदकाम सुरू होताच फक्की नाहीशी होते, म्हणून खुणा खड्ड्याबाहेर तीन-चार फुटांवर बुर्ज्या, म्हणजे विटांचे छोटे ठोकळे, बांधून त्यांवर जपाव्या लागतात. ही पायरी गाळली की चूक कळते ती थेट कॉलम उभे राहिल्यावर. विटा रचताना वीट दोरीला टेकू द्यायची नसते, मध्ये दोऱ्याच्या जाडीइतकी फट राखतात. एक वीट दोरीला रेटू लागली की पुढच्या सगळ्या विटा त्या सरकलेल्या दोरीला धरून बसतात आणि भिंत पोट काढते.

वायरमनच्या तोंडी लाइन म्हणजे फेज, म्हणजे जिवंत तार. भारतात घरगुती पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा. बटण नेहमी लाइनवर बसवायचे, न्यूट्रलवर म्हणजे परतीच्या तारेवर नाही. न्यूट्रलवर बसवले तरी दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. बटण बंद असूनही एलईडी मिणमिणत असेल तर ही चूक आधी तपासावी. दिवा लागत नाही आणि टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो, तेव्हा बहुधा न्यूट्रल तुटलेला असतो, कारण लाइनचा दाब (व्होल्टेज) दिव्यातून पलीकडच्या तारेपर्यंत पोचतो. थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत तारांचा पुरवठा असलेल्या, घरात मुख्य न्यूट्रल निखळणे याहून वाईट. काही दिवे मंद होतात, काही भगभगतात, आणि वाढलेल्या दाबाने टीव्ही-फ्रिज जळतो. अशा वेळी आधी मेन स्विच पाडावा. ‘लाइन गेली’ हे वाक्य मात्र पुरवठा बंद पडल्याचे सांगते, तार सुरक्षित असल्याचे नाही. पुरवठा कोणत्याही क्षणी परत येऊ शकतो.

रेल्वेत लाइन म्हणजे रूळ आणि त्यावरची सेवा, दोन्ही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे या 34 किलोमीटरवर प्रवासी गाडी धावली. मुंबईत ‘कुठल्या लाइनला राहता?’ हा पत्त्याचाच प्रश्न: वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर की ट्रान्सहार्बर. सेंट्रल कल्याणला फुटते, एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जत-खोपोलीकडे. ‘सेंट्रलला राहतो’ एवढ्यावर गाडी निवडता येत नाही ती यामुळे. रुग्णालयात ‘सेंट्रल लाइन’ निराळी. मान, छाती किंवा जांघेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली ती नळी असते.

खेळांत लाइन कोणाच्या बाजूची, हे खेळागणिक बदलते. टेनिस आणि बॅडमिंटनमध्ये रेषेला स्पर्श झाला तरी फटका आत. फुटबॉलमध्ये अख्खा चेंडू अख्खी रेषा ओलांडेपर्यंत गोल नाही. क्रिकेटची क्रीज म्हणजे चुन्याच्या पट्ट्याची यष्टीकडची कड, त्यामुळे बेल्स उडताना बॅट पट्ट्यावरच असेल तर फलंदाज धावबाद. शिवाय गोलंदाजीत ‘लाइन’ म्हणजे चेंडूची डावी-उजवी दिशा, आणि टप्पा किती पुढे-मागे पडतो ती ‘लेंथ’. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नाही, मग तो कितीही वळून यष्टीवर जात असो.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स किंवा गावोगावची पोलीस लाइन ही नावे ओळीने बांधलेल्या वसाहतींची. ‘डेडलाइन’चा उगम जास्त क्रूर आहे. अमेरिकी यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक मर्यादारेषा होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत.

कपड्यात घोटाळा होतो तो ‘लायनिंग’चा. इंग्रजीत लायनिंग म्हणजे अस्तर, कारण अस्तराला पूर्वी लिनन वापरत. मराठीत ‘लायनिंगचा शर्ट’ म्हणजे उभ्या रेघांचा शर्ट. शिंप्याला सांगताना ‘रेघांचा’ किंवा ‘अस्तर लावून’ असे स्वच्छ म्हणावे. अस्तर हवे असेल तर त्याचे सुती कापड आधी भिजवून, वाळवून द्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे कापड शिवणीपाशी चुण्या धरते.