धनुष्याची जुळवणी

धनुष्याची जुळवणी : हंगाम सुरू होण्यापूर्वी धनुष्य, दोरी आणि बाण एकमेकांशी व ते चालवणाऱ्या तिरंदाजाशी मिळतेजुळते करून घेण्याची कृती. मैदानावर तिला सगळे ट्यूनिंगच म्हणतात. अमेरिका-कॅनडात हा हंगाम शिकारीचा असतो आणि तो साधारण शरद ऋतूत येतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौशी शिकारीला वाव राहिलेला नाही. त्यामुळे पुण्यात हंगाम म्हणजे स्पर्धांचाच. लष्कराची आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट ही संस्था २००१ पासून शहरात आहे आणि तिच्या निवडक खेळांत तिरंदाजी आहे.

जुळवणीला क्रम असतो आणि तो पाळला नाही तर केलेले काम पुन्हा करावे लागते. रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्यात पहिली बाब ब्रेस हाइट, म्हणजे चढवलेल्या दोरीचे मुठीपासूनचे अंतर. ६८ इंची धनुष्याला ते साधारण साडेआठ ते नऊ इंच ठेवतात. दोरीला पीळ दिला की ती आखूड होते आणि अंतर वाढते. पीळ सोडला की घटते. मोजपट्टी हाताशी असतेच, पण जाणकार कानही लावतात : ज्या अंतरावर बाण सुटताना आवाज आणि हादरा सर्वांत कमी, ते त्या धनुष्याचे अंतर. नवी दोरी सुरुवातीला सैलावते, म्हणून ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी चढवू नये. पुढे टिलर, म्हणजे वरच्या व खालच्या लिंबच्या (धनुष्याच्या लवचीक पात्याच्या) बुडापासून दोरीच्या अंतरांतला फरक. तीन बोटांनी ओढणाऱ्यांत वरचे अंतर सहसा काही मिलिमीटर जास्त असते. मग नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची खूण बांधायची, काटकोनापेक्षा किंचित वर.

खरी कसोटी त्यानंतर लागते. बोटांवरून दोरी सुटते तेव्हा ती सरळ पुढे न जाता जरा बाजूला घसरते, त्यामुळे बाण सुटल्या क्षणी वाकतो आणि मासोळीसारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून निघतो. हे वाकणे बाणाच्या स्पाइनवर, म्हणजे ताठपणाच्या मापावर अवलंबून असते. २८ इंचांच्या अंतरावरील दोन टेकूंवर बाण ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगतात. तो अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००. आकडा जितका लहान तितका बाण ताठ.

पिसे असलेला बाण ही चूक उडताना लपवतो, म्हणून पिसे न लावलेला बाण, म्हणजे बेअर शाफ्ट, मारून पाहतात. अंतर १८ मीटरच्या आसपास. आधी पिसांचे तीन बाण, मग त्याच नेमाने बिनपिसांचे दोन. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे गेले तर बाण ताठ पडतो आहे : प्लंजरची, म्हणजे बाणाला बाजूने टेकू देणाऱ्या खिळीची स्प्रिंग सैल करावी किंवा पाउंडेज (धनुष्याच्या ओढीचे वजन) थोडे वाढवावे. उजवीकडे गेले तर बाण नरम : स्प्रिंग कसावी किंवा पाउंडेज कमी करावे. खाली लागले तर नॉकिंग पॉइंट वर बांधला गेला आहे, तो उतरवावा. वर लागले तर चढवावा. एका वेळी एकच बदल, तोही अर्ध्या फेऱ्याचा. दोन स्क्रू एकदम फिरवले की कशाचा गुण आला ते कळत नाही. आणि ज्याचे पिसांचे बाणच टार्गेटभर विखुरलेले आहेत त्याने किल्ली खिशात ठेवलेली बरी. तिथे दोष सुटीचा, म्हणजे दोरी सोडण्याच्या पद्धतीचा असतो. प्लंजर फिरवून सुट सुधारत नाही, हे नवशिक्यापेक्षा त्याच्या पालकांना सांगावे लागते.

कंपाउंड धनुष्याचा हिशेब वेगळा. त्यात दोन्ही कॅम, म्हणजे टोकांवरची चाके, एकाच वेळी स्टॉपला (ओढ थांबवणाऱ्या अडसराला) टेकले पाहिजेत, नाहीतर बाण उंच-सखल लागतात. दोरी-केबल बदलायला प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरणारा साचा लागतो; तो नसताना खटपट करू नये. नॉक, म्हणजे बाणाची दोरीत अडकणारी शेपटी, उंच-नीच निघते का, हे दीड-दोन मीटरवरून ताणलेल्या कागदातून बाण मारून पाहतात : पिसांची फाट टोकाच्या छिद्राच्या वर असेल तर नॉकिंग पॉइंट खाली घ्यायचा. २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेते ठरलेले साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंडचेच. परदेशातल्या शिकाऱ्यांना याच्यावर आणखी एक पायरी असते. त्यांच्या रुंद पात्याच्या फाळाला वारा पकडतो, त्यामुळे कागदावर खपून गेलेली चूकही वीतभर अंतराने दिसते; म्हणून साधे टोक आणि फाळ एकाच जागी लागेपर्यंत ते जुळवणी संपली असे मानत नाहीत.

पुण्याची हवाही यात हात घालते. इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकाराची बांबूची धनुष्ये पावसाळ्यात ओल धरून नरमतात, म्हणून जूनमध्ये घेतलेली मापे दिवाळीला पुन्हा घ्यावीत. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या लिंबचे थर सुटू शकतात. खंडेनवमीला धनुष्याची पूजा पुष्कळ घरी होते. हळदकुंकू रायझरला, म्हणजे मुठीच्या मधल्या भागाला लावावे, दोरीला आणि प्लंजरच्या टोकाला नको. दोरीला मेणच पुरे.

स्पर्धेआधी पंच साहित्य तपासतात. कंपाउंडच्या ओढीला ६० पाउंडांची मर्यादा आहे. जुळलेली सर्व मापे वहीत टिपून ठेवतात. जादा दोरी असतेच, पण ती पाकिटातली कोरी नको : तीही चढवून, वापरून, त्याच जागी नॉकिंग पॉइंट बांधून आणि ब्रेस हाइट मोजून ठेवलेली असावी.