मुख्य प्रशिक्षक बदलला की कोऑर्डिनेटर? एसईसीच्या पश्चिम गटातील एका वर्षाचा हिशेब

नोव्हेंबर संपत आला की अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा नियमित हंगाम आटोपतो आणि प्रशिक्षकांच्या उचलबांगडीच्या बातम्यांचा रतीब सुरू होतो. ‘अमुक विद्यापीठाने प्रशिक्षक बदलला’ या एकाच मथळ्याखाली मात्र दोन अगदी निराळ्या घटना येतात. एकीत मुख्य प्रशिक्षक जातो. दुसरीत तो आपल्या जागी राहतो आणि त्याच्या हाताखालचा कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचा किंवा बचावाचा प्रमुख, बदलतो. पुढच्या हंगामाच्या गुणतक्त्यावर दोन्हींचे परिणाम कधीकधी हुबेहूब सारखे दिसतात, आणि त्यामुळे गटातील पारडे कायमचे फिरले की वर्षभरासाठी डुलले, हे ओळखताना भल्याभल्यांची फसगत होते.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला आणखी एक गोष्ट आधी बाजूला ठेवावी लागते. क्रिकेटमध्ये मैदानावरचा निर्णय कर्णधाराचा असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चाल मैदानाबाहेरून सांगितली जाते, आणि ती बहुधा कोऑर्डिनेटर सांगतो. मुख्य प्रशिक्षकाचा अधिकार त्याहून व्यापक आहे. संघाच्या शिष्यवृत्त्या (2024 च्या हंगामापर्यंत कमाल 85) कोणत्या मुलांना द्यायच्या, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना काय सांगायचे, सहायक कोण नेमायचे, सराव किती कडक ठेवायचा आणि देणगीदारांकडून व्यायामशाळेसाठी पैसे कसे काढायचे, हे सगळे तो ठरवतो. खानावळीत आचारी बदलला तर त्याच रात्री आमटीची चव बदलते. मालक बदलला तर चव तीच राहते, पण बाजारातून कोणता माल यायचा ते बदलते. कॉलेज फुटबॉलमध्ये हा माल तीन-चार वर्षांनी पानात पडे, कारण भरतीची एक तुकडी साधारण पंचवीस मुलांची असे आणि संपूर्ण संघ आपल्या पसंतीचा व्हायला तेवढ्या तुकड्या लागत.

‘गट’ या शब्दाचाही खुलासा हवा. इथे अभिप्रेत आहे तो साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे एसईसी या विद्यापीठ संघांच्या साखळीचा, पश्चिम गट. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा ‘डिव्हिजन वन’ हा दर्जा वेगळा. आर्कान्सॉ आणि साउथ कॅरोलायना आल्यावर 1992 साली एसईसीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट झाले आणि दोन्ही गटविजेत्यांत अंतिम सामना होऊ लागला. ज्या काळाबद्दल मी लिहीत आहे त्या काळी पश्चिम गटात सहा संघ होते आणि प्रत्येक संघ कॉन्फरन्सचे आठ सामने खेळे, त्यांपैकी पाच गटातल्याच शेजाऱ्यांशी. याचा अर्थ असा की गटात कोणी वर चढला तर ती उंची बव्हंशी शेजाऱ्यांच्याच खिशातून जाते.

2007 आणि 2008 या लागोपाठच्या हंगामांत हे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसत असेल. 2007 मध्ये कॉन्फरन्सपुरता हिशेब असा होता: एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) सहा विजय, ऑबर्न पाच, अलाबामा, आर्कान्सॉ आणि मिसिसिपी स्टेट प्रत्येकी चार, ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) शून्य. 2008 मध्ये अलाबामा आठ, ओल मिस पाच, एलएसयू तीन आणि उरलेले तिघे प्रत्येकी दोन. अलाबामाने चार विजय जास्त मिळवले आणि ओल मिसने पाच, म्हणजे एकूण नऊ. एलएसयू आणि ऑबर्न यांनी प्रत्येकी तीन गमावले, आर्कान्सॉ आणि मिसिसिपी स्टेट यांनी प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण दहा. फरकाचा एक विजय पूर्व गटाकडे गेला, एवढेच. मिसिसिपी स्टेटने तर आपला मुख्य प्रशिक्षक बदलला नव्हता. शेजाऱ्यांनी माणसे बदलली, त्याचा चटका त्यालाही बसला आणि हंगामाअखेर ओल मिसकडून 45-0 असा मार खाल्ल्यावर त्याच्या प्रशिक्षकाने राजीनामा दिला.

या एका वर्षात दोन्ही प्रकारचे बदल शेजारी शेजारी उभे आहेत. अलाबामात निक सेबन जानेवारी 2007 मध्ये आले होते. त्यांचे पहिले वर्ष 7-6 असे, म्हणजे सात विजय आणि सहा पराभव असे, गेले आणि त्यात लुइझियाना-मन्रोसारख्या लहान संघाकडून घरच्या मैदानावर झालेला पराभवही होता. तेव्हाच निकाल लावायचा असता तर ‘महागडी चूक’ असा लागला असता. पण 2008 च्या फेब्रुवारीत त्यांनी जी तुकडी भरती केली तिच्यात हूलिओ जोन्स, मार्क इंग्रम, मार्सेल डेरियस आणि डोंटा हायटावर होते. त्या वर्षी नियमित हंगामात 12-0, त्याच्या पुढच्या वर्षी 14-0 आणि राष्ट्रीय अजिंक्यपद. इंग्रमला मिळालेला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा, पुरस्कार अलाबामाच्या इतिहासातला पहिला होता. मुख्य प्रशिक्षकाच्या बदलाचे हे नमुनेदार रूप आहे: पहिले वर्ष फसवे, दुसऱ्या वर्षी झेप, तिसऱ्या वर्षी पक्की बैठक. बॉबी पेट्रिनो यांचे आर्कान्सॉतले पहिले वर्ष, 2008, असेच 5-7 गेले आणि 2011 पर्यंत ते 11-2 वर पोहोचले.

ऑबर्नने त्याच वर्षी दुसरा मार्ग धरला. टॉमी टबरव्हिल 1999 पासून मुख्य प्रशिक्षक होते, 2004 साली त्यांचा संघ 13-0 होता आणि अलाबामाला त्यांनी सलग सहा वर्षे हरवले होते. असा माणूस काढायचे कारणच नव्हते. आक्रमण तेवढे मंद झाले होते, म्हणून टोनी फ्रँकलिन यांना आक्रमणाचे कोऑर्डिनेटर म्हणून आणले आणि खेळाडूंना मैदानभर पसरवून, घोळका न करता झपाट्याने चाली करण्याची पद्धत लागू केली. आक्रमणाचे बाकीचे सहायक मात्र जुनेच राहिले. 13 सप्टेंबर 2008 रोजी मिसिसिपी स्टेटच्या मैदानावर ऑबर्नने सामना जिंकला तो 3-2 असा. हा बेसबॉलचा निकाल नव्हे. ऑबर्नचे तीन गुण एका फील्ड गोलचे, म्हणजे खांबांमधून मारलेल्या किकचे, होते, आणि समोरच्यांचे दोन गुणही ऑबर्ननेच त्यांच्या पदरात टाकले होते: ऑबर्नच्या आक्रमणाने स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नियमभंग केला आणि त्याची सेफ्टी झाली, म्हणजे दोन गुण समोरच्यांना गेले. साठ मिनिटांच्या खेळात दोन्ही बाजूंना एकही टचडाउन, म्हणजे समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेणे, जमले नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हँडरबिल्टकडून 14-13 अशी हार झाली आणि सहा सामन्यांतच फ्रँकलिन यांना निरोप मिळाला. चाली सांगण्याचे काम स्टीव्ह एन्समिंगर या जुन्या सहायकाकडे आले. नोव्हेंबरमध्ये अलाबामाने ऑबर्नला 36-0 असे हरवले आणि काही दिवसांत टबरव्हिलही गेले.

कोऑर्डिनेटर बदलणे हे स्वस्त आणि झटपट औषध वाटते, पण नवी पद्धत शिकवणारा एक आणि तिच्यावर विश्वास नसलेले चार, अशी स्थिती असेल तर ते औषध बाधते. एलएसयूचे दुखणे याच्या उलट होते. तिथे कोऑर्डिनेटर कोणी बदलला नाही, तो निघून गेला. 2007 च्या राष्ट्रीय विजेतेपदानंतर बचावाचे प्रमुख बो पेलिनी नेब्रास्काचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक लेस माइल्स तेच होते आणि बचावातले बरेचसे खेळाडूही तेच. तरीही 2008 मध्ये फ्लोरिडाने या बचावाविरुद्ध 51 गुण केले आणि जॉर्जियाने 52.

सर्वांत फसवा प्रकार ओल मिसचा. ह्यूस्टन नट आर्कान्सॉ सोडून तिथे आले आणि पहिल्याच वर्षी 9-4. त्यात त्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या फ्लोरिडावर त्याच्याच मैदानात 31-30 असा विजय. खुर्ची मुख्य प्रशिक्षकाची बदलली होती, पण परिणामाची जात कोऑर्डिनेटरची होती, कारण मैदानावरचे खेळाडू बहुतांशी आधीचे प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी भरती केलेले होते. ऑर्जेरॉन माणसे जमवण्यात वस्ताद. ती खेळवणे मात्र तोवर जमले नव्हते. नट यांनी तयार पीक कापले. ते संपले तेव्हा 2011 मध्ये ओल मिस पुन्हा कॉन्फरन्समध्ये शून्यावर आले आणि नट यांची खुर्चीही गेली. म्हणून नव्या मुख्य प्रशिक्षकाच्या पहिल्या वर्षाच्या यशाने मी फारसा हुरळून जात नाही. संघातली मुले कोणाच्या भरतीची आहेत, हे आधी पाहावे.

कोऑर्डिनेटरच्या बदलाची कमाल मर्यादा पाहायची तर याच गटात, अकरा वर्षांनी. 2019 मध्ये एलएसयूचे मुख्य प्रशिक्षक तेच ऑर्जेरॉन होते, आक्रमणाचे कोऑर्डिनेटर तेच एन्समिंगर, क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा खेळाडू, जो बरो हाही आदल्या वर्षीचाच. नवे होते ते न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेले जो ब्रेडी, ज्यांच्याकडे पासिंगच्या खेळाची जबाबदारी होती. 2018 मध्ये बरोचे टचडाउन पास 16 होते. 2019 मध्ये 60 झाले. संघ 15-0, अलाबामाच्या घरी टस्कलूसात जाऊन त्यांच्यावर 46-41 असा विजय, राष्ट्रीय अजिंक्यपद. 2008 साली ऑबर्नमध्ये नव्या पद्धतीचा माणूस आणि जुने सहायक यांचे जुळले नाही. इथे त्याच जुन्या सहायकांपैकी एकाने तरुण माणसाला शेजारी बसवून घेतले, आणि माझ्या मते ब्रेडी यांच्या हुशारीइतकेच श्रेय या समजूतदारपणाचे आहे.

पण त्याच हिवाळ्यात ब्रेडी कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेले आणि बचावाचे प्रमुख डेव्ह अरांडा बेलरचे मुख्य प्रशिक्षक झाले. बरो आणि त्याचे अनेक सहकारीही व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. बचावासाठी परत कोण आले तर पेलिनी. 2020 च्या पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने त्यांच्या बचावाविरुद्ध 623 यार्डांचे पास पूर्ण करून एसईसीचा विक्रम मोडला. मिसिसिपी स्टेटचे मुख्य प्रशिक्षक म्हणून माइक लीच यांचा तो पहिलाच सामना होता. एलएसयूचा हंगाम 5-5 असा संपला आणि त्यानंतरच्या हंगामात ऑर्जेरॉन यांचीही गच्छंती ठरली.

हीच तुलना अलाबामाशी लावून पाहावी. 2015 नंतर बचावाचे प्रमुख कर्बी स्मार्ट जॉर्जियाला गेले. जानेवारी 2017 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्याच्या तोंडावर आक्रमणाचे कोऑर्डिनेटर लेन किफिन गेले आणि तो सामना क्लेम्सनकडून 35-31 असा गेला. तरी 2017 आणि 2020 ची अजिंक्यपदे अलाबामालाच मिळाली. झपाट्याच्या खेळावर सेबन यांनी 2012 मध्ये जाहीर नापसंती व्यक्त केली होती आणि 2014 मध्ये त्यांनीच किफिन यांना आणून आपले आक्रमण बदलून घेतले. कोऑर्डिनेटर जाणे हा तिथे दरवर्षीचा खर्च होता, जमेत आधीच धरलेला. एलएसयूत तो दिवाळखोरीचा प्रसंग ठरला.

2021 पासून एकदा संघ बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावे लागेनासे झाले आणि भरतीचे जुने वेळापत्रक मोडले. 2022 च्या हंगामासाठी ब्रायन केली मुख्य प्रशिक्षक म्हणून एलएसयूत आले आणि ॲरिझोना स्टेटमधून आलेला क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स त्यांना पहिल्याच हंगामात वापरता आला. 5 नोव्हेंबरच्या रात्री एलएसयूच्या घरी बॅटन रूजमध्ये, जादा वेळेत, केली यांनी एका गुणाची किक मारून बरोबरी साधायचे सोडून दोन गुणांची चाल खेळवली आणि अलाबामाला 32-31 असे हरवले. पश्चिम गटही एलएसयूनेच जिंकला. पहिले वर्ष, मुख्य प्रशिक्षक नवा, क्वार्टरबॅक त्याच वर्षी आणलेला. नट यांच्या पहिल्या वर्षात जे कापलेले पीक होते ते इथे बाजारातून रोख विकत आणता आले होते. त्यानंतर पश्चिम गट एकदाच खेळला गेला. 2024 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आले, गट रद्द झाले, आणि एका संघाच्या नव्या प्रशिक्षकाचा हिशेब आता पाच-सहा शेजाऱ्यांऐवजी पंधरा जणांत वाटला जातो.