दोन्हीकडून ताण आला तरच

गुणसूत्राचं चित्र काढायला सांगितलं तर बहुतेक जण फुली काढतील. पाठ्यपुस्तकांनी तीच आकृती आपल्या मनात पक्की केली आहे. पण गुणसूत्रं त्या रूपात असतात ती फार थोडा वेळ. प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण २४ तासांनी विभागते आणि प्रत्यक्ष विभाजन त्यातल्या तासाभरात उरकतं. एरवी गुणसूत्रं सैल धाग्यांच्या रूपात केंद्रकभर पसरलेली असतात, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेगळं ओळखू येत नाही. शिवाय फुली म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती, एकमेकींना धरून ठेवलेल्या. विभाजनाच्या अवस्थांची नावं पाठ करण्याआधी हे धरून ठेवणं समजून घ्यावं, असं मला फार वाटतं.

या प्रती विभाजनाच्या कितीतरी आधी, पेशीचक्राच्या ‘एस’ टप्प्यात, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याच्या काळात तयार होतात. माणसाच्या एका पेशीत ४६ गुणसूत्रं, त्यांतल्या डीएनएची एकूण लांबी सुमारे २ मीटर आणि अक्षरजोड्या (डीएनएच्या शिडीच्या जणू पायऱ्या) ६ अब्जांहून जास्त. एवढ्या सगळ्याची नक्कल साधारण ८ तासांत पुरी होते. नक्कल होत असतानाच कोहेसिन नावाची कड्यासारखी प्रथिनं दोन्ही प्रतींना एकत्र वेढून टाकतात. पुढे विभाजनाची वेळ आली की कंडेन्सिन हे दुसरं प्रथिन धाग्यांची वेटोळी घालून त्यांना आखूड आणि जाड करतं. फुली दिसते ती तेव्हा.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पेशींमध्ये हे धागे रंगवून पाहिले आणि १८८२ साली सविस्तर मांडले. धागे आडवे तुटत नाहीत, लांबीच्या दिशेनं दुभंगतात, हे त्यांच्या नेमकं लक्षात आलं होतं. आनुवंशिकतेशी या धाग्यांचा संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. सूक्ष्मदर्शक आणि डोळे यांच्याच भरवशावर केलेलं ते निरीक्षण आजही तसंच्या तसं खरं आहे.

आता मुख्य अडचण. पेशीच्या दोन ध्रुवांकडून, म्हणजे समोरासमोरच्या टोकांकडून, तर्कुतंतू (गुणसूत्रांना ओढणारे प्रथिनांचे बारीक तंतू) वाढतात, आखडतात, पुन्हा वाढतात आणि असं चाचपडत गुणसूत्रबिंदूवरच्या, म्हणजे फुलीच्या सांध्यावरच्या, प्रथिनांच्या गाठीला जाऊन चिकटतात. त्यांना दिशा दाखवणारं कुणी नसल्यासारखीच स्थिती असते, त्यामुळे चुका होतात. कधी दोन्ही प्रतींना एकाच ध्रुवाचे तंतू पकडतात. तसंच विभाजन झालं तर एका पेशीत दोन्ही प्रती जातील आणि दुसरीत एकही नाही. मग पेशीला चूक कळते कशी?

उत्तर आहे ताण. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी जोर लागला तरच दोर ताठ होतो. इथेही एक प्रत एका ध्रुवाकडे, दुसरी समोरच्या ध्रुवाकडे ओढली जाते आणि मधलं कोहेसिन त्यांना सुटू देत नाही, म्हणून ताण निर्माण होतो. कोहेसिन नसतं तर बरोबर जोडणी आणि चुकीची जोडणी यांत फरकच करता आला नसता. ताण नसलेली जोडणी ऑरोरा-बी हे विकर सोडवतं, तंतू गळून पडतात आणि पुन्हा प्रयत्न होतो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ब्रूस निकलस आणि त्यांचे सहकारी ली यांनी हे अक्षरशः हातानं तपासलं. प्रार्थना कीटकाच्या शुक्राणू बनवणाऱ्या पेशीत कधी कधी एक एक्स गुणसूत्र एकाच ध्रुवाला जोडलेलं राहतं आणि पेशी अडून बसते. त्यांनी अतिसूक्ष्म सुईनं ते गुणसूत्र ओढून धरलं. खोटाच ताण, पण पेशीला तो पुरला आणि विभाजन पुढे सरकलं! हे संशोधन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी कॉन्ली रीडर आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली. न जोडलेली शेवटची गाठ त्यांनी लेझरनं जाळून टाकली, तर पेशी वाट पाहायची थांबली. म्हणजे ‘थांबा’ हा संदेश न जोडलेल्या गाठीतूनच निघतो, आणि अशी एक गाठसुद्धा सगळी पेशी रोखून धरू शकते. मला पेशीविज्ञानातले हे दोन सर्वांत देखणे प्रयोग वाटतात.

शेवटची गाठ जोडली गेली की हा संदेश बंद होतो. त्याबरोबर सेपरेज हे विकर मोकळं होतं आणि कोहेसिनची कडी कापतं. प्रती दोन ध्रुवांकडे निघतात. कापलेली कडी पुन्हा जोडता येत नाहीत, म्हणून आधीची तपासणी इतकी कडक.

या थांबण्याचा माणसानं उपयोगही करून घेतला. कोल्चिसिन हे रसायन तंतू बनू देत नाही, त्यामुळे पेशी गुणसूत्रं आखडलेल्या स्थितीत अडकतात आणि मोजणं सोपं जातं. माणसात ४८ गुणसूत्रं असतात असं कित्येक वर्षं शिकवलं जात होतं. जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी हे तंत्र वापरून १९५६ मध्ये ४६ हा आकडा जाहीर केला. सदाफुलीपासून मिळणारं विन्क्रिस्टिन हे औषध कर्करोगाच्या पेशींना याच ठिकाणी गाठतं.

स्त्रीच्या बीजांडपेशीत मात्र ही व्यवस्था फार ताणली जाते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडपेशींचं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं) सुरू होऊन मध्येच थांबतं. ते पुढे जातं थेट बीजांड पक्व होताना, म्हणजे कधी १५, तर कधी ४० वर्षांनी. तेवढा सगळा काळ गुणसूत्रांना धरून ठेवायचं ते कोहेसिननं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की या काळात त्याची फारशी भर पडत नाही. वयानुसार ते कमी होतं, जोड्या सैलावतात. त्यात बीजांडपेशीतली ‘थांबा’ची तपासणी इतर पेशींएवढी कडक नसते. एखादं गुणसूत्र नीट जोडलेलं नसतानाही विभाजन पुढे जाऊ शकतं. २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत आल्यानं होणारा डाउन सिंड्रोम आईच्या पंचविशीत हजारात एकापेक्षा कमी बाळांत आढळतो, तर चाळिशीत साधारण शंभरात एका बाळात. या वाढीमागे सैलावलेलं कोहेसिन हे एक मोठं कारण मानलं जातं.