पीटरबरो काउंटीतलं पायोनियर जीवन (ऑन्टॅरिओ, कॅनडा)

पीटरबरो काउंटी म्हणजे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातला एक ग्रामीण भाग, टोरंटोच्या ईशान्येला साधारण सव्वाशे किलोमीटरवर. दक्षिणेला राइस लेक नावाचं लांबट तळं, मधून वाहणारी ओटोनाबी नदी, आणि उत्तरेकडे जाल तसा नुसता ग्रॅनाइटचा खडक. १८२० च्या आसपासपासून पुढची चाळीस-पन्नास वर्षं इथे युरोपातून, मुख्यतः आयर्लंड, इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांनी जंगल तोडून शेती केली, त्या काळाला तिथे पायोनियर काळ म्हणतात. एकटा माणूस, हातात कुऱ्हाड, समोर घनदाट जंगल असं जे चित्र नेहमी रंगवलं जातं ते या काउंटीच्या बाबतीत अर्धवट आहे, कारण इथे सरकारी शिधा होता, शेजाऱ्यांची मदत होती, आणि ज्यांची जमीन होती त्या मूळ लोकांकडून घेतलेलं ज्ञानही होतं, आणि यातली एक गोष्ट जरी नसती तरी पहिल्याच हिवाळ्यात निम्मे लोक परत गेले असते असं मला वाटतं.

आधीची माणसं

ही जमीन रिकामी कधीच नव्हती. इथे मिसिसॉगा लोक राहायचे, ते स्वतःला मिची सागीग म्हणतात आणि मोठ्या अनिशिनाबे समाजाचा भाग आहेत. मासेमारी, शिकार, वसंतात मेपलच्या झाडाचा रस, आणि शरदात तळ्यातला रानटी तांदूळ, ज्याला ते मनोमिन म्हणतात, असं त्यांचं वर्ष चालायचं, राइस लेक हे नाव त्या तांदळावरूनच पडलं. ५ नोव्हेंबर १८१८ ला ब्रिटिश सरकारने त्यांच्याशी करार केला, त्याला ट्रीटी २० म्हणतात, आणि त्यात सुमारे साडेएकोणीस लाख एकर जमीन गेली, बदल्यात वर्षाला ७४० पौंड किमतीचा माल. हिशोब करून बघा, एकरामागे काय पडलं ते. पुढे १९२३ च्या विल्यम्स करारांमध्ये त्यांचे शिकारीचे आणि मासेमारीचे हक्कही काढून घेतले गेले, त्यावर पुढे अनेक वर्षं कोर्टात भांडण चाललं, आणि शेवटी २०१८ मध्ये सरकारने १.११ अब्ज डॉलरची तडजोड केली, ते हक्क मान्य केले आणि माफीही मागितली. या काउंटीत आजही त्यांच्या दोन वस्त्या आहेत, कर्व्ह लेक आणि हायावाथा. पायोनियर काळाबद्दल लिहिताना हे तळटीपेत टाकून चालत नाही, बाकी सगळं याच्यावरच उभं आहे.

१८२५ : कॉर्कहून आलेले दोन हजार

१८२० च्या सुमाराला ॲडम स्कॉट नावाच्या माणसाने ओटोनाबीच्या काठी एक छोटी गिरणी टाकली होती, म्हणून त्या जागेला स्कॉट्स प्लेन्स म्हणायचे, बाकी वस्ती जवळजवळ नव्हतीच. तिकडे आयर्लंडच्या दक्षिणेत, कॉर्क भागात, कुळांची अवस्था फार वाईट होती, बेकारी, खंडाची थकबाकी, रात्रीची जाळपोळ, आणि लंडनमधल्या सरकारला वाटलं की यातल्या गरीब कुटुंबांना कॅनडात नेऊन वसवलं तर दोन्हीकडचे प्रश्न सुटतील. हे काम पीटर रॉबिन्सनकडे आलं. १८२३ मध्ये त्याने एक छोटा गट ओटावाच्या बाजूला नेला होताच, १८२५ मध्ये मात्र नऊ जहाजांतून २,०२४ माणसं आणली.

प्रवास वाचूनच दमायला होतं. कॉर्कहून क्विबेक, तिथून नदीने माँट्रियल आणि किंग्स्टन, तिथून लेक ऑन्टॅरिओवरून कोबर्ग, मग जंगलातून राइस लेकपर्यंत रस्ता दुरुस्त करत बैलगाड्या, मग खास बांधून घेतलेल्या सपाट तळाच्या होडीतून ओटोनाबीच्या प्रवाहाविरुद्ध वर. उन्हाळ्यात किंग्स्टनला तंबूंत थांबावं लागलं तेव्हाच तापाने बरेच जण गेले. पोचल्यावर प्रत्येक कुटुंबाला १०० एकर जमीन, ओंडक्यांची एक शँटी म्हणजे साधी झोपडी, एक गाय, कुऱ्हाड-करवत-हातोडा अशी अवजारं, बियाण्याला बटाटे आणि मका, आणि जवळजवळ दीड वर्षाचा शिधा मिळाला. शिधा म्हणजे काय तर खारवलेलं डुकराचं मांस आणि पीठ, रोज तेच. सरकारला माणशी वीसएक पौंड खर्च आला आणि तो इतका जास्त वाटला की असा प्रयोग पुन्हा केला नाही. १८२६ च्या हिवाळ्यात गव्हर्नर मेटलंड स्लेजमधून पाहणीला आला, आणि गावाला रॉबिन्सनच्या नावावरून पीटरबरो हे नाव पडलं. एमिली, एनिसमोर, डूरो, ॲस्फोडेल या टाउनशिपमध्ये, म्हणजे जमिनीच्या आखून दिलेल्या विभागांत, ही कुटुंबं विखुरली आणि एनिसमोर-डूरो भागात आयरिश आडनावं आजही भरपूर सापडतात.

जंगल ते शेत

जमीन मिळाली म्हणजे शेत मिळालं असं नव्हतं. शंभर एकर म्हणजे शंभर एकर उभी झाडं, मेपल, बीच, एल्म, पाइन, आणि त्यातली कित्येक अशी की दोन माणसांच्या कवेत येणार नाहीत. आधी खालची झुडपं साफ करायची, मग हिवाळ्यात झाडं पाडायची, फांद्यांचे ढीग लावायचे, वाळले की उन्हाळ्याच्या तोंडाला पेटवायचं, मग अर्धवट जळालेले ओंडके बैलांनी ओढून रचायचे आणि पुन्हा जाळायचे. बैलच का, तर घोडा खुंटांमध्ये बिथरतो आणि त्याला दाणा लागतो, बैल शांतपणे ओढतो आणि गवतावर राहतो. खुंट तसेच जमिनीत सोडायचे, कारण ते उपटायला ताकद कुणाकडे होती, त्यांच्यामधल्या राखमिश्रित मातीत कुदळीने बटाटे लावायचे आणि गहू हाताने फेकायचा. मेपल-बीचचे खुंट आठ-दहा वर्षांत कुजायचे, पाइनचे मात्र पिढीभर टिकायचे, मग ते नंतर उपटून मुळांसकट आडवे लावून कुंपण केलं जायचं.

आणि राख! राख हे पहिलं नगदी पीक होतं असं म्हटलं तरी चालेल. कठीण लाकडाची राख पिंपात भरून त्यातून पाणी गाळायचं, ते क्षाराचं पाणी मोठ्या लोखंडी काहिलीत आटवायचं, खाली उरायचं ते पोटॅश. ते माँट्रियलमार्गे इंग्लंडला जायचं, तिथे काच, साबण आणि कापडाच्या कारखान्यात लागायचं. गव्हाचं पहिलं पोतं विकायच्या आधी मीठ, चहा, खिळे घ्यायला जो काही पैसा हातात येई तो बऱ्याच घरांत या राखेतूनच येई. जंगल जाळणं हा नुसता नाश नव्हता, त्यात जगण्याचा हिशोब होता, तरीसुद्धा किती उत्तम लाकूड धुरात गेलं हे वाचून जीव हळहळतोच.

सरकारी अटी वेगळ्याच. जमिनीची मालकी पक्की व्हायची तर ठरावीक एकर साफ केले पाहिजेत, घर बांधलं पाहिजे, आणि आपल्या जमिनीसमोरचा अर्धा रस्ता मोकळा केला पाहिजे. पण प्रत्येक टाउनशिपमधली एक सप्तमांश जमीन राजाच्या नावाने आणि एक सप्तमांश चर्चच्या नावाने राखून ठेवलेली असायची, तिथे कोणी राहत नाही, म्हणजे रस्ता कोण करणार, त्यामुळे मध्येच मैलभर दाट जंगल आणि चिखल. दलदलीत झाडाचे ओंडके एकमेकांना लागून आडवे टाकत, त्याला कॉर्डुरॉय रोड म्हणायचे, त्यावरून गाडी गेली की आतल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची.

बी

घर उभारायचं, गोठा उभारायचा, ओंडके रचून जाळायचे, ही कामं एका कुटुंबाला झेपणारी नव्हती. मग शेजाऱ्यांना बोलवायचं, त्याला तिथे बी (bee) म्हणायचे. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच, मजुरी नाही, फक्त जेवण, आणि उद्या त्याच्याकडे बी असली की आपण जायचं, न जाणं फार वाईट दिसायचं. लॉगिंग बी, बार्न रेझिंग बी, बायकांची गोधड्या शिवायची क्विल्टिंग बी, मक्याची कणसं सोलायची बी. घराच्या बीला चार कोपऱ्यांवर चार तरबेज माणसं कुऱ्हाडी घेऊन बसायची आणि खालून आलेल्या ओंडक्याला खाच पाडून बसवायची, एका दिवसात भिंती उभ्या. फटींमध्ये लाकडाच्या चिपा, शेवाळ आणि चिखल, वर सालींचं नाहीतर कोरलेल्या ओंडक्यांचं छप्पर. यजमानीणबाईचा मात्र त्या दिवशी जीव जायचा, वीस-तीस माणसांचं दिवसभराचं जेवण, आणि व्हिस्की ठेवलीच पाहिजे, त्यातून भांडणं आणि अपघातही व्हायचे.

हिवताप आणि घरातली कामं

डूरो आणि ओटोनाबीच्या काठच्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर थंडीचा नाही, एग्यू नावाच्या थंडीतापाचा. हा मलेरियाच. दर एक दिवसाआड हुडहुडी भरायची, अख्खं घर एकदम आडवं, पीक शेतात उभं आणि कापायला कोणी नाही. दलदलीतल्या खराब हवेने होतो अशी सगळ्यांची समजूत. डासांचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ मध्ये दाखवला, तोपर्यंत ऑन्टॅरिओतला हा ताप दलदली आटल्यामुळे जवळजवळ संपलाही होता.

बायकांचं काम कधी संपायचंच नाही. चरबीच्या मेणबत्त्या, राखेच्या पाण्याचा साबण, लोकर पिंजणं-कातणं, दळण नेणं हे तर होतंच, शिवाय चहा संपला की हेमलॉक झाडाच्या पानांचा काढा आणि कॉफीऐवजी डँडेलियनची मुळं भाजून केलेलं पेय. मार्च-एप्रिलमध्ये मेपलचा रस काढायचा, साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक, आणि तो अजून आटवला की साखर. ही विद्या सरळ मूळ लोकांकडून आलेली. पहिल्या वर्षांत मासे, हरणाचं मांस, रानटी तांदूळ, टोपल्या हेही मिसिसॉगा बायका घरोघर आणायच्या आणि बदल्यात पीठ-मांस न्यायच्या.

दोन बहिणी

हे सगळं आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे ते बरंचसं दोन इंग्लिश बहिणींमुळे, कॅथरीन पार ट्रेल आणि सुझॅना मूडी. त्यांचा भाऊ सॅम्युअल स्ट्रिकलंड १८२५ मध्येच आला होता आणि आत्ताचं लेकफील्ड गाव त्याने वसवलं. बहिणी १८३२ मध्ये आल्या, तेच कॉलऱ्याचं साल, आणि कॅथरीनला माँट्रियलला पोचल्यावर कॉलरा झालाही, त्यातून ती वाचली. दोघींचे नवरे अर्ध्या पगारावरचे, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत नसलेले, लष्करी अधिकारी, शेतीचा गंध नाही. कॅथरीनने १८३६ मध्ये लंडनला आपली पत्रं पुस्तकरूपाने छापली, फुलं, झाडं, पक्षी, पाककृती, सगळं उत्साहाने, आणि पुढे तर वनस्पतींची जाणकार म्हणून नाव कमावलं, १८९९ मध्ये ९७ व्या वर्षी गेली. सुझॅनाने १८५२ मध्ये लिहिलं ते कडवट आहे, कर्ज, आग, उद्धट शेजारी, आणि बी हा प्रकार तर तिला मुळीच आवडायचा नाही. दोघी वाचल्या तरच काउंटी कळते, कारण दोघी एकाच जंगलात, एकमेकींच्या जवळ राहत होत्या.

डिसेंबर १८३७ मध्ये विल्यम लायन मॅकेन्झीने टोरंटोजवळ सरकारविरुद्ध बंड केलं, त्याची बातमी जंगलात पोचली तेव्हा सॅम्युअल आणि दोन्ही मेव्हणे सरकारच्या बाजूने निघाले, पण ते वाटेत असतानाच बंड मोडलं होतं. गंमत अशी की सुझॅनाच्या नवऱ्याला, मूडीला, मिलिशियात म्हणजे स्थानिक फौजेत पगारी हुद्दा मिळाला आणि कर्ज फेडायला त्याचीच मदत झाली. तो दूर असताना सुझॅनाने शेत आणि मुलं एकटीने सांभाळली, आणि गुपचूप गव्हर्नर आर्थरला पत्र लिहून नवऱ्यासाठी नोकरी मागितली. १८३९ मध्ये तो बेलव्हिलला शेरीफ झाला आणि १८४० मध्ये हे कुटुंब जंगल सोडून गेलं.

बर्फाने हरवलेला पूल

१८५४ मध्ये कोबर्ग ते पीटरबरो रेल्वे सुरू झाली आणि त्यासाठी राइस लेकवर जवळजवळ पाच किलोमीटरचा लाकडी पूल बांधला. पहिल्याच हिवाळ्यात तळ्यातल्या बर्फाने त्याचे खांब सरकवले. मग दरवर्षी दुरुस्ती, दरवर्षी नुकसान. १८६० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा पुलाचा भरवसा नव्हता म्हणून त्याला बोटीतून पलीकडे नेलं. लवकरच पूल कायमचा गेला.

एक रोप गहू

या काउंटीने जगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रेड फाइफ गहू. ओटोनाबी टाउनशिपमधल्या डेव्हिड फाइफ या स्कॉटिश शेतकऱ्याला ग्लासगोच्या मित्राकडून थोडं बियाणं आलं, डान्झिगहून आलेल्या जहाजातलं, असं सांगतात. १८४२ च्या सुमाराला त्याने ते वसंतात पेरलं, बाकी काही पिकलं नाही, एकच रोप पक्व झालं, आणि तेही गाय खाणार इतक्यात बायको जेन धावली म्हणून वाचलं, अशी घरातली कथा आहे. गायीचं खरं-खोटं काहीही असो, त्या रोपाच्या वंशाने तांबेऱ्याला बऱ्यापैकी दाद दिली नाही आणि पीठही उत्तम दिलं, आणि पुढच्या चाळीस वर्षांत तो कॅनडाच्या प्रेरीवरचा, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांवरचा, मुख्य गहू झाला. एकच अडचण, प्रेरीत लवकर येणाऱ्या गोठवणाऱ्या थंडीच्या आधी तो पिकायचा नाही. म्हणून त्याचा संकर लवकर पिकणाऱ्या भारतीय गव्हाशी केला, त्याचं नाव हार्ड रेड कलकत्ता, आणि त्यातून चार्ल्स साँडर्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निवडून काढलेला मार्किस गहू आठवडाभर तरी आधी तयार व्हायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेरीतला बहुतेक गहू मार्किस होता. म्हणजे त्या भाकरीत निम्मं रक्त आपल्या इकडचं.

उत्तरेची अर्धी काउंटी

दक्षिणेत जे जमलं ते उत्तरेत जमलं नाही. १८५०-६० च्या दशकांत सरकारने खडकाळ भागात रस्ते काढले, फुकट जमिनी देऊ केल्या, लोक गेले, झाडं तोडली आणि खाली वीतभर माती निघाली. लाकूडवाल्यांचे कॅम्प होते तोवर त्यांना ओट आणि बटाटे विकून भागलं, पाइन संपला तसे कॅम्प हलले आणि शेतं ओस पडली. त्याच भागात १९५४ मध्ये संगमरवरी खडकावर मूळ लोकांनी कोरलेली शेकडो चित्रं पुन्हा उजेडात आली, अनिशिनाबे लोकांसाठी ती जागा पवित्र आहे आणि आता तिथे प्रांतिक उद्यान आहे.

पायोनियर काळ बघायचा असेल तर कीन गावाजवळचं लँग पायोनियर व्हिलेज हे काउंटीने १९६७ मध्ये सुरू केलेलं म्युझियम गाठावं. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच इमारती तिथे आणून ठेवल्यात, लोहाराचा भाता चालू असतो, १८४६ ची पाणगिरणी आहे, आणि फाइफ कुटुंबाचं ओंडक्यांचं घरही तिथेच आहे.