विज्ञानक्षेत्रातील स्त्री-पुरुष विषमता (भारत)

विज्ञानाचे शिक्षण, संशोधन आणि त्यांच्याशी निगडित व्यवसाय यांत प्रवेश, नेमणूक, बढती व मान्यता मिळवताना केवळ स्त्री असल्यामुळे येणाऱ्या अडथळ्यांचा विचार या संज्ञेखाली केला जातो. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२०–२१ मध्ये विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलींची संख्या मुलांहून अधिक होती. देशातील संशोधकांमध्ये मात्र २०१८ साली स्त्रियांचे प्रमाण सुमारे १६.६ टक्केच होते. आजच्या ज्येष्ठ संशोधकांच्या विद्यार्थिदशेत वर्गांत मुली कमी असत, त्यामुळे हे दोन आकडे सरळ एकमेकांसमोर ठेवणे योग्य नाही. तरीही एवढी मोठी तफावत निव्वळ पिढीच्या अंतराने स्पष्ट होत नाही. भारतातील अडचण विज्ञानाच्या गोडीची नसून पदवीनंतरच्या वाटेची आहे, असे म्हणता येते. अभियांत्रिकीची गोष्ट वेगळी. तेथे वर्गातच मुलींचे प्रमाण एकतृतीयांशाहून कमी आहे.

या विषमतेचा सर्वांत बोलका दाखला कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचा आहे. विदुषी व लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी अव्वल गुणांनी मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. त्यांचे वडील व काका त्याच संस्थेत शिकले होते; तरीही तेव्हाचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल आणि प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये. यांतील शेवटची अट नीट पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात पुरुषांच्या वर्तनाची जबाबदारी स्त्रीवर टाकलेली आहे. वर्षभरातील त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या घटकाविषयी त्यांनी केलेले संशोधन मान्यता पावले व १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते त्यानंतर, १९४८ मध्ये. परतल्यावर दिल्ली व कुन्नूर येथे काम करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या आणि नीरा, कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी संशोधन केले. परंतु त्या संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला बऱ्याच विलंबाने आले. बंगळूरचा तो अपमान उतारवयातही त्या विसरल्या नव्हत्या.

नकार नेहमीच इतका उघड नसतो. भौतिकशास्त्रज्ञ अन्ना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे व माणके यांच्या वर्णपटावर अनेक शोधनिबंध लिहिले, पण एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. पुढे पुण्याच्या वेधशाळेत हवामानमापक उपकरणे देशातच बनवण्याच्या कामात त्यांनी मोलाचा वाटा उचलला, तो या पदवीविनाच. येथे कोणी स्त्री म्हणून नाकारले नाही; नियम कागदावर सर्वांना सारखा होता.

इतर व्यवसायांतही हीच परंपरा दिसते. नाशिकला जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र त्यांच्या हाती १९२२ मध्ये पडली आणि स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा भारतात १९२३ मध्ये झाला. परराष्ट्र सेवेत स्त्री अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे; त्याच सेवेतील अधिकारी सी. बी. मुथम्मा यांच्या याचिकेवर १९७९ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाने हवाई सुंदरींना पहिल्या गर्भधारणेनंतर कामावरून कमी करण्याची तरतूद रद्द केली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट वाजवी ठरवली.

आजचे अडथळे बहुतांशी वयाच्या हिशेबात दडलेले आहेत. डॉक्टरेट, त्यानंतरची परदेशातील किंवा परगावची संशोधनवृत्ती आणि पहिली कायम नेमणूक ही सर्व पंचविशी ते पस्तिशीच्या दरम्यान उरकावी लागतात, आणि लग्न व बाळंतपण यांसाठी समाजाने ठरवलेली वर्षेही नेमकी तीच असतात. नेमणुकीची वयोमर्यादा तीस-पस्तिशीच्या आसपास असली की दोन-तीन वर्षांचा खंड कायमचा ठरतो. नवरा-बायको दोघेही एकाच विषयातले असतील तर एकाच संस्थेत दोघांना घेण्यास अनेक ठिकाणी टाळाटाळ होते, आणि तेव्हा माघार कोणी घ्यायची हे घरात बहुधा न बोलता ठरलेले असते. रात्री प्रयोगशाळेतून परतण्याची सोय आणि मुलींच्या वसतिगृहाचे लवकर बंद होणारे दार या बाबी किरकोळ वाटतात. प्रयोग मात्र घड्याळ पाहून संपत नाही. तरीसुद्धा सारा दोष कुटुंबावर टाकणे चुकीचे ठरेल. पुण्याच्या पदार्थवैज्ञानिक रोहिणी गोडबोले यांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात, डॉक्टरेट मिळवूनही संशोधनाबाहेर राहिलेल्या स्त्रियांनी योग्य नोकरी न मिळणे हे प्रमुख कारण सांगितले होते.

सरकारी उपायांपैकी, खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत आणणारी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना (२००२–०३ पासून) विशेष उल्लेखनीय आहे. आयआयटींमध्ये २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवण्यात आल्या. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले; ठरावीक मुदतीच्या संशोधनवृत्तीवर जगणाऱ्यांना या तरतुदीचा लाभ एकसारखा मिळतोच असे नाही. नेतृत्वाच्या पदांवरील बदल अगदी अलीकडचा आहे : भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीला २०२० मध्ये चंद्रिमा शहा यांच्या रूपाने पहिली स्त्री अध्यक्ष लाभली, तर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी २०२२ मध्ये एन. कलाइसेल्वी आल्या.

१९७३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने विज्ञानप्रसाराबरोबरच वाशी येथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवले आहे.