तरंगणारे ग्राफाइट आणि २५ टेस्लांच्या पुढचा प्रदेश

मोबाइलवर एक चित्रफीत फिरत असते. चार छोटे निओडिमियम चुंबक चौकोनात मांडलेले आणि त्यांच्यावर नखाएवढी काळी, पातळ चकती अधांतरी. खालून कागदाचा तुकडा सरकवला तर तो अलगद आरपार जातो. चकतीला टिचकी मारली की ती डुलते आणि पुन्हा जागेवर येते. सोबत मजकूर असतो प्रतिगुरुत्वाकर्षणाचा, कधी प्राचीन विमानविद्येचा. चकती खरी आहे आणि तिचे तरंगणेही खरे आहे. गुरुत्वाकर्षण मात्र कुठेही गेलेले नाही. चुंबक चकतीला वर ढकलतो आहे, इतकेच. चकती ग्राफाइटची आहे, म्हणजे पेन्सिलीत असते त्याच पदार्थाची.

लोखंड, निकेल, कोबाल्ट चुंबकाला चिकटतात आणि बाकीच्या पदार्थांना चुंबकाचे काही सोयरसुतक नसते, अशी समजूत शाळेपासून घर करून बसते. प्रत्यक्षात प्रत्येक पदार्थ चुंबकाला काही ना काही प्रतिसाद देतो. पाणी, लाकूड, तांबे यांना चुंबक अगदी किंचित दूर लोटतो. हे प्रतिचुंबकत्व. १९९७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या प्रयोगशाळेत आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्लांच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला, तो त्याच्या अंगातल्या पाण्याच्या जोरावर. चांगले ग्राफाइट, त्याच्या कार्बन अणूंच्या थरांना लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले तर, पाण्याच्या पन्नासेक पट प्रतिचुंबकीय असते. म्हणून त्याला घरगुती चुंबक पुरतो.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रक्तात लोह असते, म्हणून चुंबकीय कडे घातले की रक्ताभिसरण सुधारते, असे सांगून ती कडी सर्रास विकली जातात. रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तर प्रतिचुंबकीय असते. एमआरआयच्या ३ टेस्लांच्या यंत्रात माणूस अर्धा तास पडून राहतो, तरी त्याचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही. हा सरळ लोकांच्या पैशांवर डल्ला आहे.

ग्राफाइटच्या या स्वभावाचा पाया भारतात तपासला गेला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये एन. गांगुली यांच्यासह ग्राफाइटचे स्फटिक मोजले. थरांना लंब दिशेतले प्रतिचुंबकत्व थरांच्या दिशेतल्यापेक्षा चाळीसेक पट निघाले. १९४१ साली हे काम प्रसिद्ध झाले. या फरकाचे मूळ थरांमध्ये फिरणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांत आहे, हे त्यातून पुढे आले.

आता खरी मौज. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरू लागतो. १९३० साली भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ यांनी दाखवले की या फिरण्याची ऊर्जा वाटेल ती असू शकत नाही. तिच्या ठरावीक पातळ्या असतात. नाट्यगृहातल्या रांगांसारख्या समजा. पुढची रांग कमी ऊर्जेची, मागची जास्त. क्षेत्र वाढवले की दोन गोष्टी होतात: रांगांमधले अंतर वाढते आणि प्रत्येक रांगेतल्या खुर्च्याही वाढतात. एका चौरस मायक्रोमीटरमागे, दर टेस्लाला, सुमारे २४० खुर्च्या. प्रेक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉन, तेवढेच, त्यामुळे मागचे लोक पुढे सरकतात आणि शेवटची रांग रिकामी होते. अशी एकेक रांग रिकामी होताना पदार्थाचा विद्युतरोध वरखाली होतो. या हेलकाव्यांवरून आतल्या इलेक्ट्रॉनांचा नकाशा काढता येतो.

तांब्यात प्रेक्षक इतके, की सगळ्यांना पहिल्या रांगेत आणायला दहा हजारांहूनही अधिक टेस्ला लागतील. ग्राफाइटमध्ये दहा हजारांहून अधिक अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. त्यामुळे साडेसात टेस्लांच्या आसपासच सगळे सर्वात खालच्या पातळ्यांत येतात. याला पुंज मर्यादा म्हणतात.

मर्यादेच्या पलीकडे काय? थराच्या प्रतलात आता इलेक्ट्रॉनाला स्वातंत्र्य उरत नाही. २५ टेस्लांना त्याच्या फेऱ्याची त्रिज्या ५ नॅनोमीटर इतकी आवळली जाते. मोकळीक राहते ती फक्त क्षेत्राच्या दिशेने पुढे-मागे. तीन मितींचा पदार्थ इलेक्ट्रॉनांपुरता एकमितीय होतो. आणि एका मितीत इलेक्ट्रॉनांची एकसारखी मांडणी टिकत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांनी दाखवून दिले होते. तिथे सर्वाधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना दोनच अवस्था असतात, एक पुढे जाणारी, एक मागे येणारी. त्या दोन्हींना जोडणारी योग्य लांबीची एकच लाट उठली की दोन्हीकडे ऊर्जेची फट पडते आणि एकूण ऊर्जा घटते. मग इलेक्ट्रॉन आपणहून कुठे दाट, कुठे विरळ असे रचले जातात. हीच विद्युतभार-घनतेची लाट.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांना निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) जवळ, २५ टेस्लांच्या आसपास ग्राफाइटचा विद्युतरोध अचानक चढताना दिसला. योशिओका आणि फुकुयामा यांनी १९८१ मध्ये त्याचा अर्थ असाच लावला. तापमान वाढवले तर हा चढ आणखी मोठ्या क्षेत्राकडे सरकतो, आणि मला सर्वात पटणारा पुरावा तो आहे: क्षेत्र जितके मोठे तितक्या खुर्च्या जास्त, तितकी लाट उष्णतेपुढे अधिक टिकाव धरते.

यापुढचे प्रयोग म्हणजे मेहनतीचा कळस. फ्रान्समधल्या तुलूझसारख्या ठिकाणी द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या वेटोळ्यात कपॅसिटरांमध्ये साठवलेली वीज एकदम सोडतात. सेकंदाच्या अंशभरात क्षेत्र ८० टेस्लांवर जाते. त्याचा वेटोळ्यावर पडणारा दाब सुमारे २५ हजार वातावरणांएवढा. स्फटिकाच्या काही मिलिमीटरच्या कपचीला चांदीच्या लेपाने बारीक तारा चिकटवलेल्या असतात आणि सगळी मोजणी त्या क्षणात उरकावी लागते. अशा मोजण्यांत ५३ टेस्लांच्या आसपास लाटेची ही पहिली अवस्था संपते, दुसरी सुरू होते आणि तीही ७५ टेस्लांपाशी मावळते.

ही दुसरी अवस्था नेमकी कशी, यावर मतभेद आहेत. काहींच्या मते तीही लाटच आहे. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसमध्ये ९० टेस्लांपर्यंत मोजणी करणाऱ्या गटाचे म्हणणे वेगळे आहे: इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या जागी उरलेल्या धनभारित पोकळ्या जोड्या बांधतात आणि पदार्थ विजेसाठी बंद होतो.