डीबीई की एट-ए? अमेरिकेतल्या सरकारी रस्ते-पुलांच्या कामांसाठी छोट्या कंपनीने कोणता दाखला काढावा

अमेरिकेत स्वतःची छोटी फर्म काढलेला सिव्हिल इंजिनिअर असो, सर्व्हेअर असो, नाहीतर दोन-चार डंपर बाळगणारा वाहतूकदार. सरकारी कामांची चौकशी सुरू केली की दोन नावं कानावर पडतातच. एक डीबीई, म्हणजे डिसअॅडव्हान्टेज्ड बिझनेस एंटरप्राइज. दुसरं एट-ए, म्हणजे स्मॉल बिझनेस अॅक्टच्या कलम ८(अ)खालची योजना. दोन्ही योजना ‘सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या वंचित’ मालकांच्या छोट्या कंपन्यांसाठी आहेत. दोन्हींत त्या मालकाची मालकी किमान ५१ टक्के लागते, कारभार खरोखर त्याच्याच हातात आहे हे दाखवावं लागतं आणि त्याची वैयक्तिक मालमत्ता मोजली जाते. इतकं साम्य असल्यावर एक दाखला हातात आला की दुसऱ्याचंही काम भागलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तसं नाही. ज्या खात्याला आपला दाखला लागूच होत नाही, त्याच्याकडे खेटे घालण्यात छोट्या फर्मचं वर्ष सहज जातं, आणि पाच-सात माणसांचा पगार देणाऱ्याला ते परवडत नाही.

सगळा फरक एका प्रश्नावर उभा आहे: कंत्राटावर सही कोण करतं?

अमेरिकेतले बहुतेक महामार्ग केंद्र सरकार स्वतः बांधत नाही. पैसा वॉशिंग्टनहून येतो, पण निविदा काढते ती राज्याची, शहराची किंवा स्थानिक यंत्रणा. कॅलिफोर्नियात कॅलट्रान्स, टेक्सासमध्ये टेक्सडॉट, रेल्वे-बससाठी एनजे ट्रान्झिटसारखी संस्था, धावपट्टीसाठी विमानतळाचं प्राधिकरण. केंद्राच्या परिवहन खात्याचं अनुदान घेऊन जेव्हा ही मंडळी काम काढतात, तेव्हा डीबीई लागू होतं. त्याचे नियम ‘४९ सीएफआर भाग २६’ या नावाने ओळखले जातात (सीएफआर म्हणजे केंद्राच्या नियमांचा संग्रह).

एट-ए चालवते स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए. केंद्राची खाती स्वतः जी खरेदी करतात, तिथे ते लागतं. राष्ट्रीय उद्यानांतले आणि राखीव जंगलांतले रस्ते, लष्करी तळावरची धावपट्टी, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची बांधकामं ही त्याची उदाहरणं. रस्ता दोन्हीकडे डांबराचाच असतो, खडी त्याच खाणीतून येते. पण राज्य महामार्गाच्या निविदेत एट-एचा कागद पुढे केला तर डीबीईच्या हिशेबात तो धरला जात नाही, आणि लष्करी तळाच्या कंत्राट अधिकाऱ्याला डीबीईचा दाखला दाखवून एट-एचं काम मिळत नाही.

या गोंधळापासून देशाचं सर्वोच्च न्यायालयही सुटलेलं नाही. अडारँड कन्स्ट्रक्टर्स ही कोलोरॅडोतली रस्त्याकडेचे लोखंडी कठडे बसवणारी कंपनी. १९८९ मध्ये सान हुआन राष्ट्रीय जंगलातल्या एका रस्त्याच्या कामात तिचा दर सर्वांत कमी होता, तरी उपकंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं. कारण वंचित मालकाच्या छोट्या कंपनीला काम दिल्यास मुख्य कंत्राटदाराला जादा मोबदला मिळेल, असं कलम कंत्राटात होतं. १२ जून १९९५ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की वंशाच्या आधारावर दिलेली केंद्राची कोणतीही सवलत सर्वांत कडक घटनात्मक कसोटीवर तपासली पाहिजे. या निकालामुळे डीबीईचे नियम नव्याने लिहावे लागले आणि १९९९ मध्ये भाग २६ आला. म्हणून डीबीईच्या प्रत्येक चर्चेत अडारँडचं नाव निघतं. पण तो जंगलातला रस्ता राज्याने काढलेला नव्हता, केंद्राच्याच महामार्ग विभागाने थेट काढलेला होता! पुढे हाच वाद २००१ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्तींच्या लक्षात आलं की खालच्या न्यायालयाने तपासली आहे राज्यांमार्फत चालणारी डीबीई योजना, आणि कंपनीचं म्हणणं आहे केंद्राच्या थेट खरेदीबद्दल. न्यायालयाने प्रकरण गुणवत्तेवर न ऐकताच निकाली काढलं. वकिलांची फौज असलेल्यांची ही गत, तर एकट्याने अर्ज भरणाऱ्या माणसाचा गोंधळ झाला म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

दाखल्याने नेमकं काय मिळतं, हा पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एट-एमध्ये खरंखुरं राखीव काम असतं. ठरावीक रकमेपर्यंत कंत्राट अधिकारी स्पर्धा न घेता थेट एका एट-ए कंपनीला काम देऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ पासून ही मर्यादा साधारण कामांसाठी ५५ लाख डॉलर आणि उत्पादनासाठी ८५ लाख डॉलर आहे. त्यावरच्या कामांत स्पर्धा होते, पण एट-ए कंपन्यांमध्येच. छोटी कंपनी इथे मुख्य कंत्राटदार म्हणून सही करते. त्याचं ओझंही तिच्यावरच येतं. केंद्राच्या दीड लाख डॉलरवरच्या बांधकामाला कामपूर्तीचा आणि देणी भागवण्याचा असे दोन बाँड, म्हणजे त्रयस्थ कंपनीची लेखी हमी, द्यावे लागतात. नव्या फर्मला बाँड कंपनी दारात उभं करत नाही, म्हणून एसबीएची बाँड हमी योजना आधी समजून घ्या. शिवाय सगळं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही. सेवेच्या कंत्राटात तुमच्यासारख्या एट-ए नसलेल्या उपकंत्राटदारांना ५० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देता येत नाही. सर्वसाधारण बांधकामात ही मर्यादा ८५ टक्के आहे.

डीबीईत राखीव काम नसतं. राखीव कोटा ठेवायला तर भाग २६ मनाईच करतो. पद्धत अशी आहे: राज्य दर तीन वर्षांनी आपलं एकूण उद्दिष्ट ठरवतं. संसदेच्या कायद्यातला १० टक्क्यांचा आकडा ही देशपातळीवरची अपेक्षा आहे, सक्ती नाही. मग एखाद्या पुलाच्या निविदेत, समजा, ८ टक्के काम डीबीई कंपन्यांकडून व्हावं असं उद्दिष्ट घातलं जातं. मोठ्या कंत्राटदाराने एक तर तेवढ्या डीबीई उपकंत्राटदारांची नावं द्यायची, किंवा मनापासून प्रयत्न करूनही मिळाले नाहीत हे कागदोपत्री दाखवायचं. म्हणजे डीबीई कंपनीला काम देणारा माणूस बहुतेक वेळा सरकारी अधिकारी नसतो, तो मोठ्या कंत्राटदाराच्या ऑफिसातला एस्टिमेटर, म्हणजे निविदेच्या खर्चाचा हिशेब मांडणारा, असतो. निविदापूर्व बैठकीला जाणं, नकाशे घेतलेल्या कंत्राटदारांची यादी मिळवणं, निविदेच्या आदल्या दिवशी नाही तर चांगलं आठवडाभर आधी दर कळवणं, यातूनच काम मिळतं. दाखला निघाला, राज्याच्या यादीत नाव चढलं आणि मग फोनची वाट पाहत बसलं, तर तो फोन येत नाही.

दाखला कोणत्या कामासाठी आहे तेही बघितलं जातं. डीबीईची नोंद कामाच्या संकेतांकानुसार होते. इंजिनिअरिंग सेवेसाठी दाखला असलेल्या कंपनीने डंपर पुरवले तर ते उद्दिष्टात मोजले जात नाहीत. माल पुरवणाऱ्यांसाठी हिशेब आणखी वेगळा. स्वतः बनवणाऱ्याची पूर्ण रक्कम धरतात, नियमित साठा ठेवून विकणाऱ्याची ६० टक्के, आणि नुसती मध्यस्थी करणाऱ्याचं फक्त कमिशन. सळई किंवा सिमेंट पुरवणाऱ्या फर्मने हे आधी पाहावं. एस्टिमेटर दर बघताना हेच गणित मनात करत असतो.

नावापुरती डीबीई कंपनी उभी करून काम दुसऱ्यानेच करण्याचे प्रकार झाले आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या स्कूलकिल प्रॉडक्ट्स या पुलाचे काँक्रीट गर्डर बनवणाऱ्या कंपनीने मारिकिना नावाच्या डीबीई कंपनीच्या आडून सुमारे १५ वर्षं कामं घेतली. रक्कम १३.६ कोटी डॉलरच्या वर गेली आणि प्रकरण तुरुंगवासापर्यंत पोहोचलं. त्यामुळे ‘फक्त तुमचं नाव द्या, बाकी आम्ही बघतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. आपल्या उपकंत्राटातलं निदान ३० टक्के काम स्वतःच्या माणसांकडून केलं नाही, तर ती कंपनी खरं काम करत नाही असं नियमाने गृहीत धरलं जातं. यात फसतो तो मोठ्या कंपनीइतकाच, नाव दिलेला छोटा मालकही.

आता पात्रता. इथले दोन फरक आपल्या लोकांना थेट लागू पडतात.

पहिला नागरिकत्वाचा. एट-एसाठी मालक अमेरिकेचा नागरिकच लागतो. डीबीईला ग्रीन कार्डही चालतं. पुण्या-मुंबईतून शिकून गेलेले, नोकरी सोडून स्वतःची कन्सल्टिंग फर्म काढलेले अनेक मराठी इंजिनिअर ग्रीन कार्डावर असतात. त्यांना एट-एचं दार तोवर बंद, डीबीईचं नाही.

दुसरा मालमत्तेचा. एट-एमध्ये मालकाची निव्वळ मालमत्ता साडेआठ लाख डॉलरच्या आत हवी, तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न चार लाखांच्या आत आणि एकूण मालमत्ता ६५ लाखांच्या आत. डीबीईची निव्वळ मालमत्तेची मर्यादा २०२४ च्या नियमबदलात १३.२ लाखांवरून २०.४७ लाख डॉलर झाली. निव्वळ मालमत्ता मोजताना दोन्हींत राहत्या घरातला आणि त्याच कंपनीतला वाटा वगळतात. म्हणजे एट-एसाठी ‘श्रीमंत’ ठरलेला माणूस डीबीईत आरामात बसू शकतो.

मुदतीचंही बघा. एट-ए नऊ वर्षांचं असतं आणि आयुष्यात एकदाच मिळतं. कंपनी नवखी असताना घाईने घेतलं तर पहिली तीन-चार वर्षं ओळखी करण्यातच जातात आणि घड्याळ थांबत नाही. माझं मत असं की केंद्राच्या एखाद्या खात्याकडे उपकंत्राटदार म्हणून थोडं काम झाल्यावर एट-ए घ्यावं. डीबीईला अशी मुदत नाही. आकार आणि मालमत्ता मर्यादेत आहे तोवर दरवर्षी तसं लिहून द्यायचं. अर्ज आपल्या राज्याच्या यूसीपीकडे, म्हणजे सर्व यंत्रणांनी मिळून चालवलेल्या एकाच दाखला केंद्राकडे करायचा. त्याला फी नाही, एट-एलाही नाही. कोणी अर्जासाठी हजारो डॉलर मागत असेल तर ती सरकारी फी नव्हे, हे लक्षात ठेवा.

शेवटी, जुन्या माहितीवर कोणी विसंबू नये अशी गोष्ट. दोन्ही योजनांत पूर्वी काही गट वंचित आहेत असं गृहीत धरलं जायचं. त्यांत भारतीय उपखंडातून आलेले होते, आणि डीबीईत १९८७ पासून महिलाही. हे गृहीतक आता गेलं आहे. एट-एमध्ये जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या केंद्रीय न्यायालयाने ते वापरायला मनाई केली. डीबीईविरुद्ध मिड-अमेरिका मिलिंग या कंपनीच्या खटल्यात केंटकीतल्या न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अंतरिम मनाई दिली, ती त्या खटल्यातल्या कंपन्या ज्या कामांत उतरतात त्यांच्यापुरती. पण ३ ऑक्टोबर २०२५ पासून परिवहन खात्याने स्वतःच अंतरिम नियम काढून वंश आणि लिंग यांचा निकष सर्वत्र काढून टाकला. आता प्रत्येक मालकाने, कुठल्याही समाजाचा असो, आपल्यावर प्रत्यक्ष कोणते अडथळे आले आणि त्याने काय आर्थिक नुकसान झालं, हे पुराव्यासह लिहून द्यायचं आहे. आधीच्या सर्व दाखल्यांची फेरतपासणीही त्यात आली, आणि राज्याची फेरतपासणी पुरी होईपर्यंत निविदांत डीबीईची उद्दिष्टं घालता येत नाहीत.

ज्यांनी वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम केलं त्यांच्यावर हा मोठा आघात आहे, आणि त्यातल्या अनेकांना पुरावा जपून ठेवायचा असतो हे कोणी सांगितलेलंही नव्हतं. म्हणून आजच सुरुवात करा: नाकारलेल्या कर्जाचं पत्र, बाँड कंपनीचा नकार, कमी दर देऊनही न मिळालेल्या कामाचे ईमेल, हे सगळं तारखेनिशी एका जागी ठेवा. एट-एच्या निवेदनालाही हेच कागद लागतात. उद्दिष्टं थांबलेली असली तरी भाग २६ मधली बाकीची मदत थांबलेली नाही. मोठी कामं लहान तुकड्यांत काढणं, छोट्या कंपन्यांसाठी मार्गदर्शन, आणि मुख्य कंत्राटदाराला पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत उपकंत्राटदाराला पैसे देण्याची सक्ती, हे सगळं लागू आहे. शेवटची तरतूद तर डीबीई नसलेल्या उपकंत्राटदारालाही मिळते. बिल अडकलं असेल तर राज्याच्या परिवहन खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाला लेखी कळवा, आणि कंत्राट क्रमांक त्यात विसरू नका.